कुलाब्याच्या गणकयंत्रामागचा माणूस

बदलापूरहून भल्या सकाळी निघालेली लोकल अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी अशी स्थानके घेत कल्याण गाठते, तोवर तिच्यातील बहुतेक प्रवाशांचा संगणकाशी दोन-तीनदा तरी संबंध आलेला असतो. खिशातील पास यंत्राने छापलेला असतो किंवा मोबाइलमध्ये साठविलेला असतो. फलाटावर गाडीची वेळ संगणक दाखवितो. कचेरीत पाऊल ठेवताच हजेरी यंत्र घेते आणि महिन्याचा पगार नोटांचे पाकीट हाती न येता थेट बँकेच्या खात्यात जमा होतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कारागीर सीएनसी लेथमध्ये आकडे भरून लोखंडाला हवा तो आकार देतो. उल्हासनगरच्या बाजारात जीन्स खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातीही संगणकाने छापलेलेच बिल पडते. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की, याची सुरुवात कोठे आणि कोणी केली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

त्या सुरुवातीतील एक महत्त्वाचा अध्याय याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत लिहिला गेला. संगणक हा शब्दही मराठीत रुळलेला नव्हता, त्या काळात एका शास्त्रज्ञाने असे यंत्र आपल्याच देशात, आपल्याच माणसांच्या हातून घडवून घेण्याचे ठरविले. डॉ. होमी जहांगीर भाभा हे त्या शास्त्रज्ञाचे नाव. अणुशक्ती कार्यक्रमाचे जनक म्हणून भाभा सर्वांना ठाऊक आहेत. भारतातील संगणकविद्येचा पाया घालण्यातील त्यांचा वाटा मात्र त्या मानाने अंधारातच राहिला आहे.

इंजिनीअर होता होता शास्त्रज्ञ

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा हे कायद्याचे पदवीधर होते. आत्या मेहेरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे उद्योग, शिक्षण आणि देशकारण यांच्या गप्पा घरात सतत कानांवर पडत. ग्रंथ, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका यांच्या सहवासात बालपण गेले. कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील शिक्षणानंतर १९२७ साली ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले.

मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. भाभांचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. अखेर तडजोड झाली. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळविल्यास गणित शिकण्यासाठी आणखी दोन वर्षे खर्च करण्याचे वडिलांनी मान्य केले. १९३० साली भाभांनी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळविला आणि १९३२ साली गणितातही तेच यश संपादन केले. नाइलाजाने पत्करलेले ते अभियांत्रिकीचे शिक्षण पुढे वाया गेले नाही. सिद्धान्ताच्या जोडीला यंत्राची जाण असलेले शास्त्रज्ञ फार थोडे असतात. भाभा त्यांपैकी एक ठरले.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीविषयीचे त्यांचे संशोधन आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. अंतराळातून येणारा एखादा कण वातावरणात शिरला की त्यातून दोन, दोनांतून चार असे असंख्य कण कसे निर्माण होतात, याचे ते गणित होते. १९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाल्यामुळे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखालील विभागात त्यांनी काम सुरू केले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था देशातच स्थापन करण्याची योजना मांडली. अणुशक्तीचा वापर वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हा त्या योजनेचा गाभा होता. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. बंगळूरमधील अल्पशा मुक्कामानंतर तिचा कारभार मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात सुरू झाला आणि १९४९ साली ती गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली. त्याच वर्षी कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील सिंधी निर्वासितांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नव्या देशात एकाच वेळी किती निरनिराळ्या गोष्टींची उभारणी चालली होती, याची या योगायोगावरून कल्पना येते.

आकडेमोडीचा डोंगर

भौतिकशास्त्रज्ञाला संगणकाची गरज का भासावी? याचे उत्तर त्या काळच्या कामाच्या पद्धतीत आहे. सिद्धान्त कागदावर मांडला तरी प्रयोगाशी ताडून पाहण्यासाठी त्यातून आकडे काढावे लागत. विश्वकिरणांच्या वर्षावाचे गणित असो वा अणुभट्टीत न्यूट्रॉन कसे पसरतात याचे, एकेका उत्तरासाठी हजारो बेरजा-गुणाकार करावे लागत. हाताने फिरविण्याच्या किंवा विजेवर चालणाऱ्या टेबलावरील गणनयंत्रांवर माणसे दिवसच्या दिवस ही आकडेमोड करीत. इंग्रजीत मुळात कॉम्प्युटर हा शब्द यंत्राला नव्हे, तर अशी आकडेमोड करणाऱ्या माणसाला उद्देशून वापरला जाई.

कचेऱ्यांतील स्थिती फारशी वेगळी नव्हती. मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती यांचे हिशेब एक तर कारकुनांच्या खतावण्यांत होत किंवा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणाऱ्या सारणी यंत्रांवर. अमेरिकेत हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या जनगणनेसाठी वापरात आणलेली ती पद्धत अर्ध्या शतकानंतरही जगभर चालू होती. ही यंत्रे पत्ते मोजू व लावू शकत, बेरजा करू शकत. पण आधी दिलेल्या सूचना ध्यानात ठेवून, मिळालेल्या उत्तरानुसार पुढची पायरी स्वतः निवडणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ती क्षमता दुसऱ्या महायुद्धानंतर तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांत आली.

भारतात अशा यंत्राचे महत्त्व ओळखणारी आणखी एक व्यक्ती होती. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना पंचवार्षिक योजनांसाठी आकडेवारी हवी होती. त्यांच्या संस्थेने १९५५ साली ब्रिटनमधून एक गणकयंत्र आणविले आणि पुढे सोव्हिएत संघाकडून दुसरे मिळविले. देशातील पहिला संगणक बसविण्याचा मान त्यामुळे कोलकात्याकडे जातो. भाभांनी निराळा मार्ग धरला.

विकत घ्यावे की घडवावे?

टाटा संस्थेनेही परदेशी यंत्र मागविले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. यंत्र लवकर आले असते आणि बहुधा अधिक वेगवानही असते. परंतु बंद पेटीतून आलेले यंत्र बिघडले की दुरुस्तीसाठी ज्याने विकले त्याच्याच दारी जावे लागते आणि त्याने नवा नमुना काढला की पुन्हा पैसे मोजावे लागतात. शिवाय त्याच्या पोटात काय चालते, हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही. भाभांच्या दृष्टीने यंत्राइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, यंत्र समजणारी माणसे मोलाची होती. ती माणसे यंत्र बांधूनच तयार होणार होती.

असा विचार त्या काळी केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता. अंबरनाथला त्याच सुमारास संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. कारखान्यात लागणारी यंत्रे बनविणारी यंत्रे आपल्याला घडविता आली पाहिजेत, हे तिच्या स्थापनेमागचे सूत्र होते. उल्हासनगरच्या छावण्यांत सर्वस्व गमावून आलेली कुटुंबे परदेशी वस्तू उघडून पाहत, तिचे मर्म जाणून घेत आणि तशीच वस्तू स्वस्तात बनवून विकत. त्यावरून पुढे पुष्कळ विनोदही झाले. पण उघडून पाहिल्याखेरीज बनविता येत नाही आणि बनविल्याखेरीज पुरते समजत नाही, हे शहाणपण छावणीतील कारागिराचे आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या शास्त्रज्ञाचे सारखेच होते.

भाभांची कार्यपद्धती ठरलेली असे. आधी विभाग काढून नंतर त्यासाठी माणूस शोधणे त्यांना पसंत नव्हते. योग्य माणूस सापडला की त्याच्याभोवती ते विभाग उभा करीत. १९५४ साली अमेरिकेतून गणितातील डॉक्टरेट घेऊन आलेले आर. नरसिंहन टाटा संस्थेत दाखल झाले आणि गणकयंत्राचे काम त्यांच्याकडे आले. त्यांच्यासमवेत पी. व्ही. एस. राव यांच्यासारखे तरुण होते. गणकयंत्र बांधण्याचा अनुभव या गटातील कोणाच्याही गाठीशी नव्हता. मदतीला होते ते प्रसिद्ध झालेले अहवाल. प्रिन्स्टनमध्ये जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या यंत्राची रचना गुप्त न ठेवता जगापुढे मांडली होती. तिच्या आधारे अमेरिकेत अनेक ठिकाणी आणि इस्रायलमध्येही यंत्रे बांधली गेली. मुंबईचे यंत्र त्याच कुळातील होते.

२,७०० नळ्यांचे यंत्र

एकदम मोठ्या यंत्राला हात न घालता आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधण्यात आले. १९५६ च्या अखेरीस ते चालू झाले. मग १९५७ साली खऱ्या यंत्राचे काम सुरू झाले. १९५९ च्या आरंभी त्याची जुळणी पूर्ण झाली आणि सर्व चाचण्यांनंतर फेब्रुवारी १९६० मध्ये ते रीतसर कामाला लागले. सुमारे १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी सांगाड्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक बसविलेले होते. यंत्राच्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. हे अंक म्हणजे केवळ शून्य आणि एक. आजच्या हिशेबाने ही स्मृती अवघी १० किलोबाइट होते. मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राला याच्या कित्येक शेकडो पट जागा लागते.

या यंत्रापुढे बसून काम करण्याची रीत आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. आपले गणित आधी कागदावर लहान लहान पायऱ्यांत फोडायचे, त्या पायऱ्या यंत्राच्या सांकेतिक भाषेत लिहायच्या आणि कागदी फितीवर भोके पाडून ती फीत यंत्राला द्यायची. उत्तर टेलिप्रिंटरवर छापून येई. एखादे भोक चुकले तर सारे पहिल्यापासून करावे लागे. निर्वात नळ्या तापत, जळत आणि बदलाव्या लागत. एवढ्या साधनांतही या गटाने एक पुढची सोय केली होती. उत्तरे आलेखाच्या रूपात पडद्यावर पाहता यावीत म्हणून राव यांनी कॅथोड किरण नळीची जोडणी तयार केली. संगणक म्हणजे पडदा, असे समीकरण आज रूढ आहे. त्या वेळी जगातही ही गोष्ट नवीच होती.

१५ जानेवारी १९६२ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते संस्थेच्या कुलाबा येथील नव्या वास्तूचे उद्घाटन झाले आणि त्याच प्रसंगी या यंत्राचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर या लांबलचक नावाचे ते लघुरूप. समुद्रकाठच्या या वास्तूची आखणी, तिच्या बागा, भिंतींवरील चित्रे या सर्वांत भाभांनी जातीने लक्ष घातले होते. ते स्वतः चांगले चित्रकार होते. झाड तोडण्याऐवजी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. संशोधनाची जागा सुंदर असावी, असे मानणाऱ्या माणसाच्या वास्तूत तारा आणि नळ्यांचे हे अवाढव्य जंजाळ विसावले.

बाहेरच्या विद्यापीठांतील व संस्थांतील संशोधकही आपली गणिते घेऊन कुलाब्याला येऊ लागले. पुढे मागणी वाढत गेली, तसे यंत्र दोन पाळ्यांत चालवावे लागले. गणित यंत्राच्या भाषेत कसे मांडावे, याचे शिक्षण अनेकांना येथेच मिळाले. देशात त्या काळी संगणकशास्त्राचे महाविद्यालयीन शिक्षण नव्हते. टिफ्रॅकची खोली हीच एक शाळा झाली.

अभिमान बाजूला ठेवून

मात्र या यशाला एक कटू किनार होती. टिफ्रॅक कामाला लागले, तोवर जग पुढे गेले होते. निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली होती आणि परदेशी कंपन्यांची नवी यंत्रे आकाराने लहान व वेगाने कितीतरी पुढे होती. पाच वर्षे खपून बांधलेले यंत्र जन्मतःच जुने ठरले, असे कोणी म्हटले असते तर ते खोटे नव्हते.

भाभांनी येथे दाखविलेला समंजसपणा त्यांच्या चरित्रात ठळकपणे नोंदवावा असा आहे. स्वदेशीच्या अभिमानापोटी त्यांनी संशोधकांना अपुऱ्या यंत्रापाशी अडकवून ठेवले नाही. अमेरिकेच्या साह्याने कंट्रोल डेटा कंपनीचे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र मिळविण्यात आले आणि १९६४ साली ते कुलाब्याला बसविले गेले. देशातील विद्यापीठे, प्रयोगशाळा, सरकारी खाती आणि उद्योग यांना ते खुले होते. ते हाताळण्यासाठी लागणारी माणसे संस्थेत आधीच तयार होती, कारण त्यांनी स्वतःच्या हातांनी एक यंत्र बांधलेले होते. टिफ्रॅकचे खरे उत्पन्न ते हेच. यंत्र काही वर्षांत निवृत्त झाले. ते बांधताना शिकलेली माणसे पुढे दशकानुदशके कामी आली. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहन हेच होते.

कचेरीच्या दारात

संगणक प्रयोगशाळेतून कचेरीत शिरला तोही याच शहरात आणि याच काळात. १९६१ साली मुंबईत एस्सो या तेल कंपनीने आयबीएम १४०१ हा संगणक बसविला. व्यापारी कामासाठी देशात बसविलेला तो पहिला संगणक मानला जातो. पाठोपाठ रेल्वे, विमा महामंडळ, गिरण्या आणि मोठ्या कंपन्या यांनी पगारपत्रके आणि हिशेब यांसाठी अशी यंत्रे घेतली. परदेशात वापरून झालेली यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने देण्याचा व्यवहार त्या वेळी भरभराटीस आला होता. अंबरनाथ-बदलापूरकडून रोज मुंबई गाठणाऱ्या कारकुनी पेशातील माणसाच्या पोटापाण्याशी संगणकाचा प्रथम संबंध आला तो येथे.

हा संबंध गोडीगुलाबीचा नव्हता. जे काम शंभर माणसे करतात ते एक यंत्र करू लागले तर त्या शंभरांचे काय, हा सरळ प्रश्न होता. विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने संगणकाला कडाडून विरोध केला. कोलकात्यात तर कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती पहारा ठेवून यंत्र बसूच दिले नाही. प्रश्नाचे गांभीर्य ओळखून केंद्र सरकारने स्वयंचलनाविषयी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे दिले. १९७२ साली या समितीचा अहवाल आला. बँकांमध्ये तर १९८३ साली व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाल्यानंतरच संगणकाला रीतसर प्रवेश मिळाला.

या प्रश्नाचे उत्तर भाभांपाशी होते, असे म्हणता येणार नाही. त्यांचा विचार प्रामुख्याने विज्ञान, संरक्षण आणि वीज यांच्याभोवती फिरत होता. देशाने यंत्र बनवावे की विकत घ्यावे, हा त्यांचा प्रश्न. यंत्र आल्यावर टेबलावरच्या माणसाने काय करावे, हा नव्हे. तरीही दोन्ही प्रश्नांचा एका ठिकाणी मेळ बसतो. यंत्र पूर्णपणे परके असेल, तर त्याने काढून घेतलेले काम तेवढे इथले असते आणि त्याने निर्माण केलेले काम परदेशात राहते. यंत्र बनविणे, दुरुस्त करणे, त्याला सूचना लिहून देणे ही कामे देशात आली, तरच गेलेल्या नोकऱ्यांच्या जागी दुसऱ्या उभ्या राहण्याची आशा असते.

अखेरचा अहवाल

१९६२ च्या चीन युद्धाने देशाच्या इलेक्ट्रॉनिक सामग्रीचा दुबळेपणा उघडा पाडला. त्यानंतर १९६३ साली सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव हे तिचे सदस्य होते. रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत सर्व क्षेत्रांचा समितीने आढावा घेतला आणि दहा वर्षांत देश या बाबतीत स्वावलंबी व्हावा, असे उद्दिष्ट ठेवले. इलेक्ट्रॉनिक्स हा पोलादाप्रमाणेच मूलभूत उद्योग मानावा, ही त्या काळी नवी असलेली दृष्टी या अहवालात आहे.

अहवाल १९६६ साली प्रसिद्ध झाला, तो पाहण्यास भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या समितीच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाकडे निघाले असता, जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असलेले एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा अवघे छप्पन्न वर्षांचे होते. तेरा दिवसांपूर्वीच पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे ताश्कंद येथे निधन झाले होते आणि ज्या दिवशी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी ही बातमी आली. देशावर एकामागून एक आघात झाले.

भाभांमागून त्यांच्या कल्पना थांबल्या नाहीत. १९६७ साली तुर्भे येथील अणुशक्ती केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिची धुरा ए. एस. राव यांनी सांभाळली. १९६९ साली टीडीसी-१२ हा संगणक सिद्ध झाला. तुर्भे येथे आखलेला अंकी संगणक म्हणून हे नाव. १९७८ साली आयबीएम भारतातून बाहेर पडली, तेव्हा तिची शेकडो यंत्रे बंद पडतील अशी भीती होती. सीएमसी या सरकारी कंपनीने त्यांची देखभाल हाती घेतली आणि काम अडले नाही. याच कंपनीच्या अभियंत्यांनी रेल्वेच्या आरक्षणाची संगणक प्रणाली तयार केली. १९८५ साली दिल्लीत सुरू झालेली ही सोय पुढे मुंबईसह अन्य महानगरांत आली आणि आरक्षणासाठी रात्रभर रांगेत बसणाऱ्यांना प्रथमच संगणकाची उपयुक्तता स्वतःच्या अनुभवाने पटली.

सारेच काही भाभांच्या मनाप्रमाणे झाले नाही, हेही नोंदवायला हवे. सरकारी कारखान्यातील संगणक महाग पडत आणि उशिरा मिळत, अशा तक्रारी सत्तरच्या दशकात वाढल्या. १९८४ च्या धोरणाने आयातीची दारे बरीचशी उघडली. पुढे भारताने जगात नाव कमावले ते यंत्रे बनवून नव्हे, तर त्यांच्यासाठी आज्ञावली लिहून. समितीने आखलेले स्वावलंबन यंत्राच्या बाबतीत अपुरे राहिले. माणसांच्या बाबतीत मात्र ते अपेक्षेपलीकडे साधले.

आज अंबरनाथच्या कारखान्यातील तरुण जेव्हा सीएनसी लेथचे नुसते बटण न दाबता त्याची आज्ञावली स्वतः लिहितो, यंत्र अडले की झाकण उघडून दोष शोधतो, तेव्हा तो नकळत टिफ्रॅकच्या त्या तरुणांच्याच वाटेने चाललेला असतो. यंत्रे येतात, जुनी होतात, भंगारात जातात. ती समजून घेण्याची सवय तेवढी मागे उरते. कुलाब्याच्या समुद्रकाठी भाभांनी तीच सवय देशाला लावण्याचा प्रयत्न केला.